सरासरी कुणाविरुद्धची?

८ मोठे की २? पहिलीतलं पोरही सांगेल. पण स्पीडवेच्या दुनियेत ब्रिटनमधल्या एखाद्या रायडरच्या नावापुढे ८.०० लिहिलेलं असेल आणि पोलंडमधल्या एखाद्याच्या नावापुढे २.००, तर ते दोन्ही आकडे सारखेच आहेत. ब्रिटनमध्ये मिळवलेल्या गुणांना शर्यतींनी भागतात आणि आलेल्या उत्तराला चारने गुणतात. पोलंडमध्ये नुसतं भागून थांबतात. म्हणजे एकाकडे कमाल १२, दुसऱ्याकडे कमाल ३.

हा सोपा भाग झाला. चारने भागलं की सुटला. खरी गंमत, किंवा खरा घोळ म्हणा, यानंतर सुरू होतो.

स्पीडवे कधी न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. साधारण तीनशे-साडेतीनशे मीटरचा, मातीचा, लंबगोल ट्रॅक. चार रायडर, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खल्लास. मिथेनॉलवर चालणारी ५०० सीसीची बाइक, एकच गिअर आणि ब्रेक नाहीत. विसरलेले नाहीत हो, मुद्दामच नाहीत. वळणावर बाइक आडवी घालून मागचं चाक घसरवत बाहेर काढायची. पुण्यातली सुपरक्रॉस लीग पाहिली असेल तर ते चित्र बाजूला ठेवा, इथे उड्या वगैरे काही नसतं. लीगच्या एका सामन्यात १५ हीट होतात आणि प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन जण असतात. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. आणि चांगला रायडर एकाच लीगमध्ये खेळत नाही. आठवड्याच्या शेवटी पोलंड, मंगळवारी स्वीडन, मधल्या दिवसांत ब्रिटन किंवा डेन्मार्क. त्यामुळे एकाच पोराच्या नावापुढे एकाच मोसमात तीन-तीन सरासऱ्या असतात, तिन्ही वेगवेगळ्या. पुढच्या वर्षी त्याला कोण घेणार, किती पैसे मिळणार, त्यातून तो किती चांगलं इंजिन घेऊ शकणार, हे बऱ्याच अंशी त्या आकड्यांवर ठरतं.

आता पोलंडची लीग घ्या. जगातली सगळ्यात तगडी आणि सगळ्यात श्रीमंत. तिथे प्रत्येक संघात २१ वर्षांखालचे दोन ज्युनिअर रायडर असावेच लागतात आणि सामन्याची दुसरी हीट फक्त ज्युनिअर्सची असते. दोन्ही संघांची चार पोरं आपसात भिडतात, दिग्गज पिटमध्ये उभे राहून बघतात. नियम उत्तमच आहे. त्यामुळेच पोलंडमध्ये दरवर्षी नवं पीक येतं. पण आकडेवारीत काय होतं बघा.

समजा एका पोलिश ज्युनिअरने मोसमात ४० हीट केल्या. त्यातल्या १४ या दुसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे पोरांविरुद्धच्या. तिथे त्याने ३५ गुण कमावले. उरलेल्या २६ हीट मोठ्यांविरुद्ध, तिथे २६ गुण. एकूण ६१, सरासरी १.५२५. दुसरीकडे त्याच वयाचा एक ऑस्ट्रेलियन. ज्युनिअरच्या जागा वर्षानुवर्षं पोलिश मुलांसाठीच राखलेल्या, म्हणून याला मोठ्यांच्या रांगेतूनच संघात घुसावं लागलं. त्याच्याही ४० हीट, सगळ्या मोठ्यांविरुद्ध, गुण ५२. सरासरी १.३०. तक्त्यात पहिला वर, दुसरा बराच खाली. पण मोठ्यांविरुद्ध पहिल्याला हीटमागे एकच गुण मिळाला आणि दुसऱ्याला १.३. सांगा, संघात कुणाला घ्याल?

यात भर म्हणून बोनस गुण. आपल्याच जोडीदाराच्या पाठोपाठ आलात आणि मागे निदान एक प्रतिस्पर्धी राहिला, तर सरासरीत एक गुण जादा धरतात. तत्त्व चांगलं आहे, जोडीदाराला मागे टाकायच्या नादात संघाचं नुकसान करू नये. पण जोडीला जगज्जेता असेल तर पोराला त्याच्या मागून येऊन २ चे ३ करता येतात, आणि कमजोर संघातल्या पोराला तेच काम स्वतःच्या मनगटावर करावं लागतं. तक्त्यात दोघंही सारखेच दिसतात.

ब्रिटनमधली गोष्ट आणखी भन्नाट. तिथे संघाच्या सरासऱ्यांची बेरीज ठरावीक मर्यादेच्या आत बसवावी लागते. सगळे तगडे रायडर एकाच क्लबने उचलू नयेत म्हणून ही सोय. परिणाम असा की पोराने मोसमभर जीव तोडून सरासरी वाढवली की पुढच्या वर्षी क्लबचं गणित बिघडतं. म्हणजे चांगलं खेळला म्हणून जागा गेली! उलट, एखादा रायडर दुखापतीमुळे किंवा नव्या ट्रॅकशी न जमल्यामुळे कमी सरासरीवर राहिला, पण त्यात दम आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तर त्याच्यावर क्लबच्या उड्या पडतात. कमी आकड्याला तिथे चक्क भाव असतो.

रिझर्व्हचंही तसंच. सर्वांत कमी सरासरीचे दोघं रिझर्व्ह म्हणून उतरतात. त्यांची पहिली लढत एकमेकांशी, आणि सामन्यात सात-सात वेळा उतरायची संधी. पोरगा तिथे गुण लुटतो, सरासरी वर जाते, यादी बदलली की तो मुख्य पाचांत ढकलला जातो. आता समोर रोज मोठे रायडर. सरासरी पुन्हा खाली. मग बातमी येते की अमुक तमुकचा फॉर्म गेला. फॉर्म कुठेही गेलेला नसतो, फक्त समोरचे बदललेले असतात.

क्रिकेटवाल्यांना हे नवं नाही. २०१८-१९ च्या रणजी मोसमात देशात सर्वाधिक धावा होत्या सिक्कीमकडून खेळणाऱ्या मिलिंद कुमारच्या, १३३१. पण त्या प्लेट गटात केल्या होत्या, जिथे बरेचसे संघ पहिल्यांदाच रणजी खेळत होते. भारतीय संघाचं दार काही उघडलं नाही, पुढे तो अमेरिकेकडून खेळला. हा अन्याय होता का, यावर कट्ट्यावर तासभर भांडता येईल. मुद्दा इतकाच की १३३१ या आकड्यापुढे ‘कुणाविरुद्ध?’ असं निदान विचारलं तरी गेलं. स्पीडवेमध्ये चार देशांचे चार आकडे एका यादीत कोंबून ‘जगातले टॉप तरुण रायडर’ ठरवणारे हा प्रश्न विचारत नाहीत, आणि माझी तक्रार तीच आहे.

ब्रिटनमध्ये खालच्या लीगमधली सरासरी वरच्या लीगमध्ये नेताना ठरावीक गुणकाने कापायची पद्धत राहिली आहे. कल्पना वाईट नाही, पण एकच कात्री सगळ्यांना कशी चालेल? छोट्या, अरुंद ट्रॅकवर गेटवरून सुसाट सुटणारा पोरगा वेगळा आणि मोठ्या, रुंद ट्रॅकवर बाहेरच्या बाजूने ओव्हरटेक करणारा वेगळा. ब्रिटनमधले ट्रॅक पोलंडच्या मानाने लहान असतात. पहिल्याची ब्रिटनमधली सरासरी पोलंडमध्ये पार कोसळू शकते आणि दुसऱ्याची उलट वाढूही शकते. होम ट्रॅकचा तर प्रश्नच नाही. रोजची माती, रोजचं वळण. माझ्या मते तरुण रायडरची घरची आणि बाहेरची सरासरी वेगळी लावून बघितली, तर अर्धी यादी तिथेच उलटीपालटी होईल.

मग म्हणाल, लीग सोडा, वर्ल्ड चॅम्पियनशिप बघू. २१ वर्षांखालच्यांची स्वतंत्र जागतिक स्पर्धा आहे, २०२२ पासून तिला एसजीपी टू म्हणतात. तिथे सगळे एकाच ट्रॅकवर, एकाच नियमाने. ठीक. २०१५ चा विजेता बार्तोश झ्मार्झलिक. २०१२ मध्ये, सतराव्या वर्षी, वाइल्ड कार्डवर घरच्या गोझुफ ग्रां प्रीमध्ये उतरून हा तिसरा आला होता. २०१९ मध्ये तो मोठ्यांचा जगज्जेता झाला आणि नंतर होतच राहिला. त्याच्या बाबतीत यादीने बरोबर सांगितलं. पण त्याच्यानंतरचे ज्युनिअर विजेते बघा: फ्रिक, द्राबिक, स्मेक्तावा, पुन्हा द्राबिक, लिडसी, मिश्कोव्याक, दोनदा चेर्न्याक, २०२४ मध्ये प्शियेम्स्की. पोरं गुणी आहेत, शंका नाही, आणि काहींचं वय अजून हातात आहे. मात्र २०२४ पर्यंत यातल्या एकालाही मोठ्यांचा किताब मिळाला नव्हता.

आता दुसऱ्या बाजूने बघा. ऑस्ट्रेलियाचा जेसन डॉयल. विशीतली बरीच वर्षं ब्रिटनच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये काढली. ग्रां प्री मालिकेत आला २०१५ मध्ये, तिशीच्या तोंडावर. २०१६ मध्ये आघाडीवर असताना टोरुनमध्ये पडला, दुखापत झाली, किताब हुकला. २०१७ मध्ये बत्तिसाव्या वर्षी जगज्जेता. तो विशीत असताना ‘उगवते तारे’ छापाची यादी कुणी केली असती, तर त्यात डॉयल शोधूनही सापडला नसता.

आणि टाय वुफिंडन. मला सगळ्यात जास्त शिकवतो तो हा. २००६ मध्ये स्कन्थॉर्पकडून ब्रिटनच्या तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये सुरुवात, मग भराभर वर. २०१० मध्ये, वीस वर्षंही पूर्ण नसताना, थेट ग्रां प्रीमध्ये. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याचे वडील गेले होते. मोसम फसला, तो तळाच्या गटात राहिला आणि मालिकेतून बाहेर पडला. आकड्यांपुरतं बोलायचं तर फ्लॉप. २०१३ मध्ये आयोजकांनी त्याला वाइल्ड कार्ड देऊन परत बोलावलं आणि मोडलेल्या कॉलरबोनसकट तो जगज्जेता झाला. पुढे २०१५ आणि २०१८ मध्येही. २०१० चा तक्ता खोटा नव्हता. फक्त त्यात त्याचे वडील नव्हते, आणि तो कुणाविरुद्ध, कुठल्या वयात उभा होता तेही नव्हतं.

म्हणून तरुण रायडरच्या बाबतीत मला सरासरी किती, यापेक्षा ती कुठे आणि का पडली हे बघणं जास्त महत्त्वाचं वाटतं. वरच्या लीगमध्ये गेल्यावर पहिल्या वर्षी आकडा घसरणारच. घसरला नाही, तर तो पोरगा झ्मार्झलिक असतो किंवा त्याला सोप्या हीट मिळालेल्या असतात. दुसऱ्या वर्षी मोठ्यांविरुद्धचे शून्य कमी होऊन एक-दोन वाढू लागले की ओळखावं, गाडी रुळावर आहे. ३ किती मिळाले ते नंतर मोजलं तरी चालेल.

यात नुसता आकड्यांचा खेळ असता तर एवढं लिहिलं नसतं. पण यादीत नाव राखायचं म्हणून पोरगा खालच्या लीगमध्येच रमतो, किंवा करार टिकवायला दुखऱ्या मनगटाने ब्रेक नसलेल्या बाइकवर बसतो. २००९ आणि २०१० चा ज्युनिअर जगज्जेता डार्सी वॉर्ड कुठल्याही यादीत वरच असायचा. ऑगस्ट २०१५ मध्ये झेलोना गुराच्या ट्रॅकवर तो पडला आणि कमरेखाली लुळा झाला, तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्या अपघाताचा कुठल्याही सरासरीशी संबंध जोडायचा नाही. पण या खेळात ‘अजून एक मोसम बघू’ हे वाक्य फुकट मिळत नाही, एवढं तरी आकडे चाळताना डोक्यात असावं.

लीग चालवणाऱ्यांना हे करणं अवघड नाही. प्रत्येक हीटमध्ये कोण कुणाविरुद्ध होता, कुठल्या गेटवरून सुटला, सगळी नोंद आधीच असते. ज्युनिअर हीट वगळून सरासरी वेगळी छापा. घर-बाहेर वेगळं दाखवा. २५० सीसीवर धावणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना तर क्रमवारीच नको, नुसते निकाल द्या.

पोलंडमध्ये रायडर ज्या वर्षी २१ पूर्ण करतो, त्या मोसमाच्या शेवटी त्याची ज्युनिअरची जागा जाते. दुसरी हीट संपली. पुढच्या वसंतात तोच पोरगा, तीच बाइक, पण समोर सगळे मोठे. दरवर्षी काही चांगली नावं इथे अचानक गळतात. मी स्वतः बाविशीत, हातात इंटर्नशिप, त्यामुळे हा कडा जरा जवळून दिसतो म्हणा ना. त्यावर उपाय म्हणून २०२१ पासून तिथे संघात २४ वर्षांखालच्या एका रायडरला जागा सक्तीची केली, पुढच्या वर्षी त्या वयोगटाची वेगळी लीगही सुरू केली. कडा तीन वर्षं पुढे सरकला. त्या तीन वर्षांत मिळवलेले गुण कुणाविरुद्धचे, हे मात्र अजूनही तक्त्यात लिहीत नाहीत.