कुलूप कारखानदाराचे, किल्ली लोकवर्गणीची

नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपल कंपनीने स्वतःच्या एम-१ चिपवर चालणारे संगणक बाजारात आणले. त्यांवर दुसरी कार्यप्रणाली बसविण्यास कंपनीने मज्जाव केला नाही. मात्र चिपचे अंतर्गत भाग कसे चालवावेत, याची माहिती तिने स्वतःजवळच ठेवली. अखेर ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पातील तंत्रज्ञांनी यंत्राचे वर्तन तपासत ते भाग चालविणारे ड्रायव्हर लिहून काढले. त्यांचा खर्च बव्हंशी वर्गणीतून भागला. प्रकल्पाचे संस्थापक हेक्टर मार्टिन फेब्रुवारी २०२५ मध्ये थकून बाजूला झाले. कंपनीच्या कपाटात तयार असलेले ज्ञान लोकांनी पुन्हा श्रम वेचून मिळविले. नफा खासगी, भुर्दंड मात्र सार्वजनिक, असा हा व्यवहार होय.

हा केवळ परदेशातील हौशी मंडळींचा प्रश्न नव्हे. नवी मुंबईत खारघर स्थानकासमोर ज्या सी-डॅकचे केंद्र आहे, त्याच सरकारी संस्थेने २००७ साली ‘बॉस’ ही मुक्त कार्यप्रणाली देशाला दिली. ती डेबियन लिनक्सवर आधारलेली आहे. साहजिकच ज्या यंत्रभागाचा ड्रायव्हर मुक्त तंत्रज्ञांना लिहिता आला नाही, तो भाग ‘बॉस’वरही मुकाच राहतो. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले; पण ते सॉफ्टवेअरपाशीच थांबले.

याची झळ सामान्यांना बसते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ न पेलणारे अनेक धडधाकट संगणक मुक्त प्रणालीवर आणखी काही वर्षे चालू शकतात. ड्रायव्हर नसेल तर शाळेतला असा संगणक भंगारात जाईल आणि नव्याचे पैसे करदाताच भरेल.

मग वर्गणी देणे ही कंपनीची फुकट चाकरी ठरते काय? काही अंशी ठरते. परंतु ती थांबविल्याने शिक्षा कंपनीला नव्हे, यंत्र विकत घेणाऱ्याला होईल. म्हणून वर्गणी अवश्य द्यावी. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. खरी ताकद सार्वजनिक खरेदीत आहे. यंत्रभागांची माहिती खुली करणाऱ्या उत्पादकाचाच माल घेतला जाईल, ही अट नवी मुंबई महापालिकेच्या व राज्य शासनाच्या प्रत्येक संगणक-निविदेत घालावयास लावणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. जनतेच्या पैशाने घेतलेल्या यंत्राची किल्ली जनतेच्याच हाती हवी.