हजचे विमान थांबले, बाकीची उडाली



2021 मध्येही बकरी ईद झाली आणि आपल्या देशातून एकही हाजी गेला नाही. सलग दुसरे वर्ष. सौदी सरकारने त्या वेळी 60,000 माणसांना परवानगी दिली, तीही तिथेच राहणाऱ्यांना. 2020 साली तर हजारभर माणसांत हज उरकला. 2019 साली एकट्या भारतातून दोन लाख लोक गेले होते, हे आठवले की छातीत कळ येते.

आमच्या आटपाडीत एक वयस्कर जोडपे आहे. डाळिंबाच्या दोन बहारांचे पैसे बाजूला ठेवून त्यांनी 2020 चा अर्ज भरला होता. हज कमिटीने पैसे एक रुपयाही न कापता परत केले, तक्रारीला जागा नाही. पण उन्हाळ्यात रात्री अंगणात खाट टाकून पडले की आभाळातून लाल-पांढरा दिवा लुकलुकत जाताना दिसतो. त्या दादीअम्मांनी एकदा मला विचारले, “आमचं विमान बंद म्हणता बाई, मग हे कुणाचं जातंय?”

प्रश्न साधा आहे आणि रास्तही. हज फर्ज आहे. तरीही वाट सुखरूप नसेल तर त्या वर्षी जाणे बंधनकारक राहत नाही, असे आपले आलिम सांगत आले आहेत. हे काही कोरोनाने नव्याने शिकवलेले नाही. 1897 साली मुंबईत प्लेग असताना इंग्रज सरकारने तिथून हजला जाणारी जहाजे बंद केली होती. त्या काळी जहाजाने जाणाऱ्या हाजींना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर विलगीकरणात थांबावे लागे. साथरोगाचा कायदाही त्याच 1897 चा. मार्च 2020 मध्ये आपल्या राज्याने तोच बाहेर काढला. म्हणजे फर्ज सफर थांबू शकतो, पूर्वीही थांबला आहे. मग जे फर्ज नाहीत ते सफर कोणत्या कारणाने चालू होते? दादीअम्मांचे म्हणणे एवढेच.

देशातली विमाने 25 मार्च 2020 ला थांबली आणि बरोबर दोन महिन्यांनी, 25 मे रोजी, पुन्हा उडू लागली. सुरुवातीला तिसरा हिस्साच उड्डाणे, भाड्याची खालची-वरची मर्यादा सरकारने ठरवलेली. परदेशची नेहमीची विमाने तर मार्च 2022 पर्यंत बंद होती. ठरावीक देशांशी करार करून मोजकी चालत. मे 2020 मध्ये ‘वंदे भारत’ नावाने परदेशातून माणसे आणायला सुरुवात झाली, तेव्हा आधी कोणाला आणायचे हे ठरवावे लागले. नोकरी गेलेले मजूर, व्हिसाची मुदत संपलेले, आजारी, गरोदर बाया, म्हातारी माणसे, घरात मय्यत झालेले, वसतिगृहे बंद झाल्याने अडकलेले विद्यार्थी. मला वाटते, माणसाला घराकडे धावायला लावणारी जवळजवळ सगळी कारणे एका सरकारी कागदावर प्रथमच एकत्र आली असतील. त्यात हौसेला जागा नव्हती.

आता आटपाडीचा आणि विमानाचा काय संबंध, असे बाहेरच्याला वाटेल. दुष्काळी माणदेश, साधी रेल्वेसुद्धा तालुक्यात नाही. पण आटपाडी-खानापूरचा गलाईवाला देशभर पसरलेला आहे हे आपल्याला ठाऊक आहे. सोने-चांदी गाळण्याची त्याची भट्टी तामिळनाडूत आहे, केरळात आहे, आंध्रात आहे, पार उत्तरेतही आहे. इथे गावात आई-बाप, जमिनीचा तुकडा आणि कधी कधी शाळेत शिकणारी पोरे. पाऊस नव्हता म्हणून आजोबा गेले, आता भट्टी आहे म्हणून नातू तिथेच आहे. हा माणूस एरवी रेल्वेने दोन दिवस काढून यायचा. टाळेबंदीत रेल्वे बंद. मग आरक्षणाशिवाय चढता येईना. मोटार करावी तर वाटेत दोन-तीन राज्यांच्या हद्दी, प्रत्येक ठिकाणी तपासणी, जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायला ई-पास. अशा वेळी कोइमतूरहून पुण्याला किंवा हैदराबादेहून कोल्हापूरच्या उजळाईवाडीला विमानाने येणे त्याला सोयीचेच नव्हे, कधी कधी स्वस्तही पडले. विमानतळापासून पुढे तीन-चार तासांची भाड्याची गाडी, एवढेच. ज्याच्या घरात कोणी कधी विमान जवळून पाहिले नव्हते, तो माणूस साथीच्या दिवसांत पहिल्यांदा विमानात बसला!

असे सगळीकडेच झाले. मे 2020 च्या अखेरीस बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मुंबईत अडकलेल्या झारखंडच्या मजुरांना विमानाने रांचीला पाठवले. दिल्लीजवळच्या एका अळंबी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या दहा मजुरांची बिहारची तिकिटे स्वतःच्या पैशाने काढली, आणि काही महिन्यांनी परत बोलावतानाही विमानानेच आणले. विमान म्हणजे श्रीमंतांचा षौक, हे म्हणणे या साथीत पुरते टिकले नाही.

पूर्ण खोटेही ठरले नाही, म्हणा. 2021 च्या 23 मे ला मदुराईत एका घरच्यांनी आख्खे विमान भाड्याने घेऊन आभाळात लग्न लावले. खाली माणसांची मर्यादा होती, वर दीडशेच्या आसपास वऱ्हाडी खेटून बसले. चौकशी झाली, विमानातल्या कर्मचाऱ्यांना कामावरून बाजूला केले गेले. त्याच्या आदल्या महिन्यात आपल्याकडे पंचवीस माणसांत आणि दोन तासांत निकाह उरकायचा नियम होता आणि आमच्या भागातल्या कितीतरी मुलींनी तो निमूट पाळला. एप्रिलमध्ये दुबईची दारे बंद व्हायच्या आत खासगी विमाने करून निघून गेलेलेही होते. त्यांच्याविषयी जास्त लिहिण्यात मला रस नाही.

लिहायचे आहे ते करीपूरविषयी. ते घडले 7 ऑगस्ट 2020 ला. दुबईहून कोझिकोडला आलेले ते विमान ‘वंदे भारत’चेच. आत 190 माणसे. त्यात नोकरी गेलेले, मुदत संपलेले, गरोदर बाया, दहा तान्ही मुले. मुसळधार पाऊस, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी, विमान पुढे घसरून खाली कोसळले आणि दुभंगले. 21 जण गेले. विमान चालवणारे कॅप्टन दीपक साठे आपल्या महाराष्ट्राचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांचे आईवडील नागपुरात. ते आणि त्यांचे सहवैमानिक दोघेही गेले.

त्या रात्री कोंडोट्टीच्या लोकांनी जे केले ते आपल्या घराघरांत मुलांना सांगावे असे आहे. परिसर कोरोनामुळे बंद केलेला. बाहेर पडायची मनाई. विमानातून आलेल्या कोणाला आजार आहे, कोणाला नाही, माहीत नव्हते. तरी आवाज ऐकताच माणसे पावसात धावली, हाताने जखमींना बाहेर काढले, आपापल्या गाड्यांत घालून दवाखान्यांत नेले. आई-बापांपासून तुटलेली लेकरे कडेवर घेतली. रक्त द्यायला रात्रीच रांगा लागल्या. आणि सकाळी हीच माणसे मुकाट विलगीकरणात जाऊन बसली. बाहेरून आलेल्याला कसे घ्यायचे आणि मग स्वतः कसे थांबायचे, दोन्ही त्यांना कळत होते.

आपल्याकडे यातले एकच कळते, हे मला खटकते. मार्च 2020 चे इस्लामपूर आठवा. सौदीहून परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांचा अहवाल 23 मार्चला आला आणि आठवड्याभरात घरातले व संपर्कातले मिळून पंचवीसच्या आसपास माणसे बाधित निघाली. सगळा जिल्हा हादरला. पुढे मिरजेच्या रुग्णालयात उपचार घेऊन ती माणसे बरी होऊन घरी आली, प्रशासनाने केलेल्या नाकेबंदीचे कौतुकही झाले. पण त्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होते ते आपण वाचले आहे. माणसे पवित्र भूमीहून आली होती आणि त्यांच्याकडे गुन्हेगारासारखे पाहिले गेले. तब्लीगसाठी रीतसर व्हिसा घेऊन विमानाने आलेल्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे ऑगस्ट 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले, तोवर त्यांचे महिने तुरुंगात आणि बदनामीत गेले होते. हे सगळे सोसलेल्या समाजाने तरी दारात आलेल्या भावाला “कशाला आलास?” असे विचारू नये. “कधी आलास, तपासणी केलीस का, किती दिवस वेगळा राहणार आहेस?” असे विचारावे. दोन्ही प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि आलेल्यानेही पहिल्याच संध्याकाळी चुलत-मावस गोतावळा जमवून बिर्याणी लावू नये. इस्लामपूरचा धडा हाही आहेच.

दीनच्या अंगाने बोलायचे तर हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग बहुतेकांनी ऐकला आहे, पण अर्धाच. 18 हिजरीच्या सुमारास ते शामच्या (आजचा सीरिया आणि आसपासचा मुलूख) दौऱ्यावर निघाले. सर्ग या ठिकाणी पोहोचल्यावर कळले की पुढे ताऊन, म्हणजे प्लेग, पसरला आहे. त्यांनी आधी मुहाजिरीनांना विचारले, मग अन्सारना, दोन्हींत दुमत. मग कुरैशच्या बुजुर्गांना विचारले, त्यांनी एकमुखाने परत फिरायला सांगितले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांना ते पटले नाही, अल्लाहच्या तकदीरीपासून पळता का, असे त्यांनी विचारले. हजरत उमर यांनी उत्तर दिले की होय, अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी प्रेषितांची (सल्ल.) शिकवण सांगितली, की साथ असेल त्या मुलखात जाऊ नये आणि आपण असू तिथे आली तर तिच्या भीतीने पळून जाऊ नये.

लोक इथे थांबतात. शेवटचा भाग पाहा. ती मनाई पळण्याला आहे. खऱ्या गरजेने, पळण्याची नियत नसताना, बाहेर पडायला हरकत नाही असे इमाम नववींसारख्या जाणत्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे सगळा भार नियतीवर आणि गरजेवर येतो. भट्टी बंद पडली, जवळ पैसे उरले नाहीत, खोलीचे भाडे थकले म्हणून गावी येणारा गलाईवाला पळपुटा नाही. प्रवासाआधी तपासणी करून, आल्यावर मळ्यातल्या वस्तीवर दहा दिवस काढणारा तर मुळीच नाही. “जे नशिबात असेल ते होईल” म्हणत खोकत खोकत विमानात बसणाऱ्याला मात्र या हदीसमध्ये आसरा मिळत नाही.

सगळ्यात अवघड कारण मय्यतीचे. विमानाची घाईघाईची तिकिटे सर्वांत जास्त याच कारणाने निघत असावीत. इथे आपल्या घराघरांत वाद होतात ते मी ऐकते. मय्यत ताटकळत ठेवायची नाही, दफन लवकर करायचे, हे आपल्याला माहीत आहे. हनफी मसलकात समोर जनाजा नसेल तर नमाज नाही. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या कोकणातल्या भावांकडे, गायबाना नमाज होते. मग आमच्या भागातला मुलगा म्हणतो, मी पोहोचलोच पाहिजे. तो पोहोचतो तेव्हा बहुधा मातीही झालेली असते. माझे मत लिहिते, कोणाला पटो न पटो. माती द्यायला धावण्यापेक्षा मागे राहिलेल्यासाठी धावावे. इद्दतीत बसलेली आई, कर्त्याशिवाय उरलेली बहीण, यांच्यासाठी चार दिवसांनी, तपासणी करून, जास्त दिवस राहायच्या तयारीने गेले तरी चालते. आणि त्याहून आधी, माणूस जिवंत असताना जावे.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीने हेच केले. 2021 च्या मार्चमध्ये, दुसरी लाट वर येत असताना, हैदराबादेत तिच्या वडिलांचे मूत्रपिंडाचे दुखणे बळावले. सासरच्यांचा विरोध होता. लहान मूल, वर साथ. तिने तपासणी केली, मूल सासूकडे ठेवले, उजळाईवाडीहून विमान धरले. महिनाभर वडिलांना डायलिसिसला नेले-आणले, पथ्याचे जेवण करून घातले. ते गेले तेव्हा ती इथे परत आलेली होती आणि सगळे बंद होते. ती गेली नाही. शेजारच्या बायकांनी नावे ठेवली, “बापाच्या मय्यतीलासुद्धा गेली नाही.” तिने कोणाला उत्तर दिले नाही.

आता ऑगस्ट 2021 चे. दुबईने 5 ऑगस्टपासून दार किलकिले केले. तिथला राहण्याचा परवाना असलेले, तिथेच दोन्ही लसी घेतलेले लोक तेव्हा जाऊ शकत होते, 48 तासांतला तपासणी अहवाल आणि निघण्यापूर्वी विमानतळावर पुन्हा एक तपासणी. एप्रिलमध्ये आई आजारी म्हणून आलेला आणि मग अडकलेला एक बाप आमच्या शाळेतल्या मुलीचा होता. सहा महिने बाहेर राहिले की परवाना जातो, म्हणून तो दिवस मोजत होता. आई तोवर बरी झाली होती. पोरीने वर्गात सांगितले की अब्बूंनी मोबाइलचे चार्जर, लोणच्याची बरणी आणि सगळे कागद दोन-दोन प्रती काढून बॅगेत भरून ठेवलेत. तिकीट मात्र तेव्हा काढलेले नव्हते, कारण नियम रोज रात्री बदलत आणि ते रोज सकाळी उठून आधी तेच बघत.