मंगळवारचा डॉक्टर आणि मराठी रोगी

आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. रक्कम मंजूर झाली, खात्यात जमा झाली, तरी ज्याच्यासाठी आली त्याच्या हातात पडेपर्यंत व्यवहार पुरा झाला असे आम्ही मानत नाही. मानसिक आरोग्याच्या सरकारी योजनेकडेही आम्ही त्याच नजरेने पाहतो.

या योजनेचे मूळ कर्नाटकातच आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. (आपण कोणत्या राज्यात असावे, हा वाद वेगळा.) बेंगळुरूच्या निम्हान्सने १९८५ मध्ये बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग सुरू केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरला शिकवायचे, औषधे तिथेच ठेवायची, रोग्याला मोठ्या शहरापर्यंत फरफटत न्यायचे नाही. त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये केंद्राने ४ जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. आज तो ७०० हून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे आणि जिल्ह्यामागे वर्षाला ८३ लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. कर्नाटकाने तर २०१४ पासून तालुका इस्पितळांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ बसविण्याची योजना आणली. सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही.

गेल्या वर्षी ओळखीच्या घरातल्या एका सुनेला घेऊन आम्ही अशाच एका बाह्यरुग्ण विभागात गेलो. डॉक्टर तरुण आणि सालस, पण त्यांना मराठी येत नव्हते. सुनेला मराठीखेरीज दुसरे येत नाही. मग दुभाषी कोण? तर सासू! "घरात पाऊल टाकलं की जीव घाबराघुबरा होतो," असे सून म्हणाली. "हिला रात्री झोप लागत नाही," असे सासूबाईंनी कन्नडमध्ये सांगितले. झोपेच्या गोळ्या मिळाल्या. आम्हाला कन्नड कळते, पण सासूबाईंसमोर तोंड उघडायला आम्ही धजलो नाही. तेही इथे लिहून ठेवतो.

मोडलेले हाड एक्स-रेमध्ये दिसते. हे दुखणे रोग्याच्या बोलण्यातूनच कळायचे, आणि तेच बोलणे वाटेत बदलले तर डॉक्टरने करावे काय?

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. उपचाराला संमती घ्यायची ती रोग्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊनच, असे तो सांगतो. मानसिक रुग्णालयांना राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची आहे, दर ३ वर्षांनी तपासणीही आहे. मात्र मेख व्याख्येत आहे. नोंदणी लागते ती रोग्याला दाखल करून ठेवणाऱ्या संस्थेला. मंगळवारी तपासून घरी पाठविणारे टेबल त्यात बसत नाही, आणि आपली बहुतेक माणसे जातात ती त्या टेबलापर्यंतच. तिथे प्रमाणपत्राचा धाक नाही. उरते ती निधीची दोरी. म्हणून आमचे म्हणणे असे की, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत हा निधी देताना मराठी जाणणारा एक समुपदेशक किंवा समाजसेवक नेमण्याची अट घालावी. या कार्यक्रमात अशी पदे मुळातच आहेत. नवे पद मागायचे नाही, भाषेची अट तेवढी मागायची आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलण्याची सोय आहे. फोनवर जे जमते ते टेबलावर का जमू नये?

यात कन्नडविरोध कुणी शोधू नये. उतारे, मतदार याद्या, पाट्या यांसाठी आपण वर्षानुवर्षे अर्ज केले. इस्पितळासाठी मात्र एकही केल्याचे आम्हाला आठवत नाही. कारण उघड आहे. अर्ज करायचा तर 'आमच्या घरात असा रोगी आहे' हे कबूल करावे लागते, आणि आपल्या जुन्या घराण्यांना वाड्याची पडकी भिंत दाखवणे परवडते, हे नाही. मुलीचे लग्न ठरेपर्यंत थोरल्या भावाचे आजारपण माळ्यावर लपवलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

जिल्हा आरोग्य कार्यालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. त्यात कुणाही रोग्याचे नाव नाही, सही फक्त नागरिक म्हणून करायची आहे. सोबतची कन्नड प्रत आम्हीच लिहिली असल्याने तिच्यात चुका असणार. त्या तपासून देणारे कुणी असेल तर त्यांनी सायंकाळी ६ नंतर यावे. बँक सुटल्यावर आम्ही तिथेच असतो.