आजीच्या अंगठीतले माणिक

‘जुने ते सोने’ ही म्हण सोन्यापुरती ठीक. माणकाला ती लागू नाही. घरोघरी एखादी अंगठी असते, ‘आजीच्या लग्नातली, म्हणजे अस्सलच’ अशी ख्याती असलेली. पण फ्रान्समधल्या ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी कृत्रिम माणिक बनवण्याची कृती १९०२ मध्येच जाहीर केली होती. ॲल्युमिनाची भुकटी, रंगासाठी किंचित क्रोमियम आणि ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत. काही तासांत माणिक तयार! तेव्हा आजीच काय, पणजीची अंगठीही संशयातून सुटत नाही.

बरे, ही काच नव्हे. रसायन तेच, काठिण्यही तेच. म्हणून काचेवर ओरखडा काढून ‘खरे आहे हो’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याचे ऐकू नये. दहापट भिंगाखाली नैसर्गिक माणकात पुष्कळदा रेशमासारखे तंतू दिसतात, वाढीच्या रेषा सरळ किंवा कोनात वळलेल्या असतात. व्हर्नॉय पद्धतीच्या माणकात त्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र. कधी सोबत बुडबुडे. इतर काही पद्धतींत मात्र या वक्र रेषाही नसतात. तिथे प्रयोगशाळाच गाठावी लागते.

बँकेत सह्या ताडताना एक गोष्ट अंगवळणी पडते. एकाच माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या, तर कोणीतरी गिरवली असावी. खड्याचेही तसेच. टपोरा, निर्दोष आणि स्वस्त, असे तिन्ही गुण एकत्र आले की समजावे, भिंग काढायची वेळ झाली.

कृत्रिम खड्याशी माझे वैर नाही. लेकीसुनांनी तो हौसेने घालावा. माझे भांडण बिलाशी आहे. ‘माणिक, नग १’ एवढ्यावर भागवणाऱ्या दुकानदाराकडून ‘नैसर्गिक’ की ‘प्रयोगशाळेत घडवलेले’ हे लिहून घ्यावे. तो कुरकुरला, तर दुकानाची पायरी उतरावी.

सोने तारण ठेवताना बँक खड्यांचे वजन वजा करते. त्यांना दमडीची किंमत धरत नाही. घरच्या वाटणीत नेमके उलटे होते. एकीला बांगड्या, दुसरीला ‘तेवढ्याच मोलाची’ माणकाची अंगठी. पुढे कधीतरी अडचणीपायी दुसरी सराफाची पायरी चढते, आणि सख्ख्या बहिणींचे बोलणे खुंटते. दोष कुणाचाच नसतो; आईलाही ठाऊक नसते. म्हणून आईवडील हयात आहेत तोवरच खडा तपासून घ्यावा, आणि तो कागद अंगठीच्याच डबीत ठेवावा.