पहिल्या कैचीला शिट्टी

सोमवारी दुपारी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसलात तर तुम्हाला वाटेल की प्रत्येक टीममध्ये एक तरी निवृत्त रेफ्री आहे. शनिवार-रविवारच्या फुटबॉल मॅचेसचं पोस्टमॉर्टेम चालू असतं. "अरे, त्याचा पाय आधी बॉलला लागला होता, त्याला कसलं रेड कार्ड?" "आजकाल नुसता वारा लागला तरी लोळतात." "टॅकल करायचंच नाही तर कॅरम खेळा म्हणावं." गेली पंधराएक वर्षं मी हे ऐकतोय. कंपन्या बदलल्या, प्रोजेक्ट बदलले, वाक्यं तीच.

आणि शनिवारी भोरला घरी गेलो की ओसरीवर आमचे आबा (माझे थोरले चुलते) नेमकं हेच म्हणत असतात. फक्त फुटबॉलच्या जागी कबड्डी. "पंचांनी पार वाटोळं केलं बघ खेळाचं. जरा कुठं पोरानं दणकून पकड केली की शिट्टी. हिरवं कार्ड काय, पिवळं कार्ड काय! लग्नपत्रिका वाटल्यागत कार्डं वाटत्यात."

आबांचा विनोद मला आवडतो. मत पटत नाही. का पटत नाही, ते आज एकदा नीट लिहून काढतो. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, आणि तिच्यात मी काही फार चांगला दिसत नाही. पण असो.

आधी थोडा भूगोल. भोर म्हणजे पुण्यापासून साधारण पन्नास किलोमीटर. कापूरहोळला हायवे सोडायचा, उजवीकडे वळायचं. त्याच्या अलीकडे चेलाडी फाट्यावरून आत गेलं की नसरापूर, मार्गासनी आणि मग वेल्हे. (सरकारने तालुक्याचं नाव आता राजगड केलंय, पण आमच्या तोंडात अजून वेल्हंच बसलंय.) भाताची शेती, धो धो पाऊस, आणि डोकं वर केलं की कुठला ना कुठला किल्ला. हिरडस मावळ, गुंजण मावळ म्हणतात तो हा मुलूख. इथल्या पोरांना क्रिकेट येतं, पण अंगात असते ती कबड्डी आणि कुस्ती. भाताची कामं उरकली की जत्रा आणि शिवजयंतीच्या निमित्ताने गावोगाव स्पर्धा सुरू होतात. शेणाने सारवलेलं मैदान, फक्कीच्या रेषा, दोन हॅलोजन आणि एक न थांबणारा माइक.

२००४ साली मी इंजिनिअरिंगला होतो आणि जत्रेसाठी घरी आलो होतो. वेल्ह्याकडच्या एका गावात स्पर्धा होती. आमच्या संघाचा डावा कोपरारक्षक आजारी पडला, म्हणून मला उभा केला. समोरच्या संघात एक चढाईपटू होता. काटकुळा, पण पाय विजेसारखे. बोनस रेषेवर नुसता पाय टेकवून परत जायचा आणि आम्ही बघत राहायचो. पहिल्या डावात त्याने आमच्यावर लोण चढवला. आमचा कॅप्टन माझ्या कानात म्हणाला, "आडवा पाड त्याला. कसाही."

मी कैची मारली.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर बघितलीय त्यांच्यासाठी सांगतो. घोटा धरणं, मांडी धरणं, कंबर धरणं, मनगट धरणं, दोघांनी साखळी करून अडवणं, या सगळ्या रीतसर पकडी आहेत. त्यात दणका असतो आणि तो असायलाच हवा. कैची वेगळी. तुम्ही स्वतःला जमिनीवर झोकून देता, एक पाय त्याच्या पायाच्या पुढे, एक मागे, आणि अंगाला पीळ देता. त्याचा पाय जमिनीत रोवलेला असतो. तो सरकू शकत नाही. सगळा भार गुडघ्यावर बाजूने येतो. गुडघा पुढे-मागे वाकायला बनवलाय, बाजूला नाही. म्हणूनच कबड्डीच्या नियमांत कैचीला सरळ बंदी आहे. तोंड दाबून दम तोडणं, केस किंवा कपडे ओढणं, दुखापत होईल अशी हिंस्र पकड, या सगळ्यासकट. हे नियम काही काल-परवाचे नाहीत.

तर मी कैची मारली, तो पडला, आणि पंचांनी त्याला बाद दिलं. शिट्टी वाजली ती आमच्या गुणासाठी. माइकवाला ओरडला, "वा रे पठ्ठ्या!" पोरांनी मला खांद्यावर घेतलं. तो लंगडत उठला, पंचांकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता बाहेर गेला.

दुसऱ्या डावात मी तेच पुन्हा केलं. या वेळी आवाज आला. वाळलेली काटकी मोडल्यासारखा. माइकसुद्धा थांबला.

जीपमध्ये घालून त्याला रातोरात पुण्याला नेलं. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. भरतीत १६०० मीटर धावायचं असतं. पुढं तो चालायला लागला, शेतात कामही करायला लागला, पण तसा धावला नाही. बघता बघता वयाची मर्यादाही उलटून गेली. आमच्याकडच्या पोराला भरती म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायचं तर कॅम्पस प्लेसमेंट समजा, पण ज्यात दुसरी कंपनी येणारच नाही.

आता मूळ मुद्दा. पंच कडक झालेत का? झालेत. जास्त कडक झालेत का? माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि कारण त्या दोन कैच्यांच्या मधल्या पंधरा-वीस मिनिटांत आहे. पहिल्या कैचीला शिट्टी वाजून मला कार्ड मिळालं असतं, तर दुसरी मी मारलीच नसती. मी काही राक्षस नव्हतो. वीस वर्षांचा पोरगा होतो आणि मला नुकतंच कळलं होतं की ही गोष्ट चालते. शिवाय तिला टाळ्या पडतात. जे पहिल्यांदा खपतं ते दुसऱ्यांदा जोरात होतं. आमच्या धंद्यातसुद्धा हेच आहे ना? कोड रिव्ह्यूत पहिली घाण कुणी अडवली नाही की ती त्या टीमची पद्धत होऊन बसते. सहा महिन्यांनी प्रॉडक्शन रात्री दोन वाजता कोसळतं, तेव्हा सगळे विचारतात, "हे कुणी मर्ज केलं?"

फुटबॉलने हा धडा फार महाग शिकलाय. १९६६ च्या विश्वचषकात पेलेला बल्गेरिया आणि पोर्तुगालच्या खेळाडूंनी अक्षरशः लाथाडून खेळातून काढलं. तेव्हा कार्डं नव्हतीच. ती विश्वचषकात आली १९७० साली. १९८३ साली स्पेनमध्ये गोइकोएचेआने मागून येऊन मॅराडोनाचा घोटा मोडला. मार्को व्हॅन बास्टेनसारखा खेळाडू घोट्याच्या दुखण्यापायी विशी संपता संपता शेवटची मॅच खेळून गेला. मग १९९८ च्या विश्वचषकाआधी फिफाने पंचांना स्पष्ट सांगितलं, मागून धोकादायक टॅकल केलं तर थेट लाल कार्ड. तेव्हाही लोक म्हणाले होते, फुटबॉल संपलं. संपलं का? उलट ज्यांना बघायला लोक पहाटेपर्यंत जागतात ते नाजूक पायांचे जादूगार वर्षानुवर्षं टिकायला लागले.

आणि कॅन्टीनमधल्या त्या "बॉलला आधी पाय लागला" या वाक्याबद्दल. फुटबॉलच्या नियमांत तीन पायऱ्या आहेत. निष्काळजी टॅकल असेल तर नुसती फ्री किक. बेदरकार असेल तर पिवळं कार्ड. वाजवीपेक्षा जास्त जोर लावून समोरच्याला धोक्यात घातलं तर लाल. बॉलला आधी पाय लागला म्हणून पुढचं सगळं माफ, असं कुठंही लिहिलेलं नाही. आमच्याकडे याच धर्तीवर म्हणतात, "पकड तर पायालाच होती की!" होती. पण कशी होती?

कैचीचंच आणखी एक उदाहरण देतो, कारण हा डाव फक्त आपल्याच मातीतला नाही. ज्युदोत याला 'कानी बासामी' म्हणतात, म्हणजे खेकड्याची नांगी. १९८० साली जपानमधल्या एका मोठ्या स्पर्धेत यासुहिरो यामाशिता या त्यांच्या महान खेळाडूचा पाय या डावाने मोडला. नशिबाने तो बरा झाला आणि १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकला. पुढे ज्युदोने स्पर्धांमधून हा डाव काढून टाकला. ज्युदो त्यामुळे मवाळ झाला असं म्हणायची कुणाची छाती आहे? एखाद्या ज्युदोवाल्याला म्हणून बघा. :-)

आता आबांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचं सगळंच चूक नाही.

एक, पंच सगळीकडे सारखे कडक नसतात. यजमान गावाच्या संघाला एक न्याय, बाहेरच्याला दुसरा. बक्षीस देणारे पुढारी सोफ्यावर बसलेले असतात आणि पंचांना त्याच गावात रात्रीचं जेवण घ्यायचं असतं. दोन, काही पंच धोकादायक पकडीपेक्षा पोरांच्या तोंडावर जास्त कडक असतात. उलट बोलला की पिवळं कार्ड, म्हणजे दोन मिनिटं बाहेर. गळ्याला हात घातला तर मात्र "चला, खेळा". तीन, चढाईपटूही आता शहाणे झालेत. साधी कंबरपकड झाली तरी मान धरून कळवळतात. हे तिन्ही मला मान्य. पण नीट बघा, यातली एकही तक्रार कडकपणाची नाही. तक्रार आहे ती कडकपणा चुकीच्या जागी असल्याची आणि सगळ्यांना सारखा नसल्याची.

नियम स्पष्ट नसले की काय होतं ते २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं. भारत आणि इराण, अंतिम सामना, २८-२८ बरोबरी, शेवटची दीडेक मिनिटं. पवन सेहरावत चढाईला गेला, कुणालाही स्पर्श न करता राखीव पट्ट्यात गेला, आणि इराणचे खेळाडू त्याच्या मागे तिथे गेले. जुन्या नियमाने ते सगळे बाद, नव्या नियमाने फक्त पवन बाद. एकाच सामन्यात दोन व्हर्जन! जवळजवळ तासभर खेळ थांबला. शेवटी आपण ३३-२९ जिंकलो, पण त्या तासाभरात कबड्डीची जगासमोर शोभाच झाली. तिथे पंच कडकही नव्हते आणि मवाळही नव्हते. त्यांच्या हातातला नियमच डळमळीत होता.

म्हणून आमच्या भोर-वेल्ह्याच्या स्पर्धांसाठी माझं म्हणणं साधं आहे. टॉसच्या वेळी सरपंचांनी दोन्ही कॅप्टनना माइकवरून सांगावं: कैची, गळा-तोंड, केस-कपडे. या तीन गोष्टींना समज वगैरे नाही, पहिल्यालाच कार्ड. बाकी घोटा धरा, मांडी धरा, उचलून मध्यरेषेपासून लांब न्या, आम्ही टाळ्या वाजवू. पंच तिसऱ्या गावचे आणावेत. आणि स्पर्धेच्या वर्गणीतून पहिल्या बक्षिसाच्या फ्लेक्सवरचा खर्च थोडा कमी करून बर्फ, स्ट्रेचर आणि एक गाडी तयार ठेवावी. वेल्ह्याहून पुणे साठेक किलोमीटर आहे. तुटका गुडघा घेऊन तो रस्ता फार लांब होतो, मी त्या जीपमध्ये होतो म्हणून सांगतो.

कुणी म्हणेल, पंचांवर कशाला ढकलतोस, कैची तू मारलीस. बरोबर आहे. परवा एका स्पर्धेला गेलो होतो, तिथे 'तो' भेटला. त्याचा मुलगा खेळत होता. आम्ही अधूनमधून भेटतो, बोलतो, पण त्या रात्रीचा विषय वीस वर्षांत कधी काढला नव्हता. या वेळी मी काढला. तो मैदानाकडेच बघत म्हणाला, "तुझं काय न्हाई रे. पंचानं पयल्यांदाच शिट्टी मारायला पायजे होती."

मला हे सोयीचं होतं, तरी घशाखाली उतरलं नाही. चूक माझीच होती आणि आहे. पण त्याचं वाक्यही खोटं नाही. वीस वर्षांच्या पोराच्या अंगात जेव्हा अख्ख्या गावाचा आवाज शिरलेला असतो, तेव्हा त्याला त्याच्यापासूनच वाचवणारा मैदानावर एकच माणूस असतो. शिट्टी त्याच्याकडे असते.

थोड्या वेळाने त्याच्या मुलावर कुणीतरी कैची टाकली. अर्धवटच, लागली नाही. पंचांनी तत्काळ शिट्टी मारली आणि पिवळं कार्ड वर केलं. पब्लिकने पंचांना शिव्या घातल्या. शेजारी आबा होते, तेही सुरू झाले, "बघ, पुन्हा कार्ड!"

मी आबांना म्हटलं, "आबा, त्या पोराचा बाप कोण आहे माहितीय ना?"

आबांनी वळून त्याच्याकडे बघितलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. अर्थात परतीच्या वाटेवर कापूरहोळला चहा पिताना पुन्हा पंचांवर घसरलेच. मत इतक्यात बदलेल ते आबा कसले!

उद्या सोमवार. कॅन्टीनमध्ये परत रेफ्रीचा उद्धार होणार. या वेळी मी गप्प बसणार नाही.