घड्याळांचा मेळ

सूर्याचा हिशेब धरला तर अमरावतीची माध्यान्ह अकोल्याच्या सुमारे 3 मिनिटे आधी होते. तरीही दोन्ही शहरांतील घड्याळे एकच वेळ दाखवितात. कारण 1 जानेवारी 1906 पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ ही भारताची प्रमाणवेळ ठरली. मुंबईने मात्र आपली निराळी वेळ त्यानंतरही कित्येक दशके सोडली नव्हती! आज संगणकांच्या जाळ्याने तोच जुना प्रश्न नव्या रूपात उभा केला आहे.

प्रत्येक संगणकात स्फटिकावर चालणारे घड्याळ असते. उष्णतेने त्याची चाल बदलते, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्याविषयी वेगळे सांगावयास नको. दहा लाख सेकंदांत अवघ्या 20 सेकंदांची चूक धरली, तरी वर्षाकाठी 10 मिनिटांहून अधिक फरक पडतो. यावर डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाची 1985 पासून प्रचारात आलेली पद्धत उपलब्ध आहे. संगणक खात्रीच्या घड्याळाला वेळ विचारतो, निरोपाच्या जाण्यायेण्यास लागलेला काळ मोजतो आणि त्याचा निम्मा भाग हिशेबात धरून स्वतःला दुरुस्त करतो. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या आधारे प्रमाणवेळ राखते. तिच्याशी किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राशी सर्व सरकारी कार्यालयांनी व कंपन्यांनी आपली संगणकीय घड्याळे जुळवावीत, असा केंद्राचा आदेश 28 एप्रिल 2022 रोजी निघाला.

आदेश निघाला, पण तालुक्याच्या कार्यालयात किंवा पतसंस्थेत त्याची जबाबदारी कोणाची? एखाद्या शेतकऱ्याच्या खात्यातून कापसाचे पैसे लंपास झाले, तर तपास बँकेची नोंद, दूरध्वनी कंपनीची नोंद आणि कॅमेऱ्याचे चित्रण या तिन्हींवर चालतो. तिघांच्या वेळा जुळल्या नाहीत, तर चोराचा माग तुटतो आणि कदाचित निरपराध माणूस संशयाच्या फेऱ्यात सापडतो. ही चूक कोणाच्या पदरी घालावयाची?

कापूस मोजणाऱ्या काट्यावर वैध मापनशास्त्र विभागाची मोहोर लागते. काटा मारणारा व्यापारी दंडास पात्र ठरतो. मग चुकीची वेळ नोंदविणारे यंत्र तपासणीवाचून का सुटावे? जानेवारी 2025 मध्ये केंद्राने प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा याच कायद्याखाली प्रसिद्ध केला, हे योग्यच झाले. वेळ हेही एक मापच आहे.

खर्चाची सबब येथे टिकणारी नाही. वेळ जुळविण्याची सोय बहुतेक संगणकांत मुळातच असते. जेथे जोडणी वारंवार तुटते, तेथे उपग्रहाकडून वेळ घेणारे एक घड्याळ बसवून बाकीची यंत्रे त्याला जोडता येतील. खरी उणीव आहे ती दक्षतेची. कॅमेऱ्यांची व हजेरीची यंत्रे एकदा बसविली की त्यांच्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक कार्यालयात एक जबाबदार कर्मचारी नेमावा, घड्याळांच्या मासिक तपासणीची नोंद ठेववावी आणि लेखापरीक्षकांनी ती पाहावी. तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत याची नोंद ठेवणाऱ्या शासनाला एवढे अवघड जाऊ नये.