अण्णांचे बोट आणि फ्रेंच कडी

यंदाचा माझा आवडता चाकू मुलाने फ्रान्सहून आणलेला, आठ नंबरचा ओपिनेल. पाते साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीच लाकडाची. सॅव्हॉयच्या जोसेफ ओपिनेलने तो १८९० मध्ये घडवला. पण माझा जीव जडला तो १९५५ साली आलेल्या कडीवर! कडी फिरवली की उघडे पाते मिटत नाही.

आमच्या अण्णांच्या चाकूला ती नव्हती. फणस कापताना पाते बोटावर मिटले, बोट वाकेनासे झाले नि पेटी कायमची सुटली.

बीच मात्र पाण्याने फुगते, आणि आमचा श्रावण तुम्ही जाणताच. म्हणून मला हवी हीच कडी, पण मूठ शिंगाची. आणि नखाची खाच दोन्ही अंगांना. नात डावखुरी आहे, पेटीही शिकते आहे.